दुमडलेलं टोक

एवढी शिकलेली सून प्रयोगशाळेत दिवसभर धाग्याची टोकं न्याहाळत बसते, हे काय काम झालं, अशी सासूबाईंची कायमची कुरकुर. त्यांनी शिवणकामावर अख्खं घर उभं केलं होतं.

“आई, पेशीतल्या डीएनएच्या धाग्याचं टोक दुमडलेलं असतं, म्हणून तो विरत नाही,” सून सांगायची.

“हे मी सातव्या वर्षीच झगा शिवताना शिकले!”

डोळे अधू झाले तरी आपल्या शिवणीला कुणी नावं ठेवत नाही, याचा त्यांना केवढा तोरा!

एका सकाळी त्या लवकर उठल्या, तर सून त्यांनीच घातलेली वेडीवाकडी दुमड उसवून गिऱ्हाइकाचा झगा गुपचूप नव्याने शिवत होती.

सासूबाई तिच्या शेजारी टेकल्या. “माझं नाव अजून कशामुळे विरलं नाही, ते आज कळलं, पोरी. टाका मात्र जरा बारीक घाल!”