एकटीचं पान

निमकरकाकूंनी ओसरीवर चार पानं घेतली होती. एक खोली म्हणजे चार माणसं, असा त्यांचा अंदाज. मी येऊन बसले तेव्हा त्यांनी फाटकाकडे पाहिलं. "बाकीचे मागून येतायत का?"

"नाही. मी एकटीच आलेय."

नणंदेच्या लग्नाची झाडून सगळी खरेदी माझ्या क्रेडिट कार्डावर झाली होती. बिल सासऱ्यांनी भरलं, पॉइंट मात्र माझेच राहिले. त्यातून बसचं तिकीट आणि काकूंच्या घरातली ही खोली फुकट मिळाली. आणखी कुणाला न्यायला पॉइंट पुरत नाहीत, हे मी घरी जरा जास्तच दुःखी चेहऱ्याने सांगितलं होतं.

काकूंना काही माझं एकटीनं येणं पटेना. "पण एकटीनं समुद्रावर करायचं काय?"

"काही नाही. बसायचं."

"नुसतं?" उरलेली पानं उचलता उचलता काकू म्हणाल्या. "आमच्या मागच्या दारी समुद्र, पण पाहुण्यांचं चहापाणी सोडून जातंय कोण? लग्न होऊन आले तेव्हा सगळ्यांबरोबर गेले होते, तेवढंच."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वाळूत पाय पसरून बसले होते. पदराला हात पुसत काकू आल्या, माझ्याकडे बघून हसल्या, पण थांबल्या नाहीत. बऱ्याच पुढे जाऊन पाण्याकडे तोंड करून बसल्या.

मी हाक मारली, "काकू, इकडे या ना."

त्यांनी तिथूनच हात हलवला.

"नको. मी एकटी आलेय."