वायफायची फाईल

"विद्यापीठाचं वायफाय जोडणं? अहो, आपल्या डाव्या हाताचा खेळ आहे तो!" दिवाकर सरांनी सगळ्या स्टाफरूमला ऐकवलं. विभागप्रमुखांनी त्यांना आणि विनता मॅडमना तळहाताएवढा एकेक लिनक्स कॉम्प्युटर दिला होता. "पाँच बजे लिस्ट देखूंगा. जिसका चालू, नई लैब में उसी की कुर्सी," एवढं बजावून ते गेले.

विनता मॅडमचा अर्ध्या तासात जोडला गेला. दिवाकर सरांचा चार वाजले तरी पासवर्डच मागून राहिला होता.

"काहून सर, अजून जोडूनच राहिले का? मदत करू?" मॅडमनी विचारलं.

"नको जी, माझं झालंच समजा." सर हसले, पण आतून नुसते जळून राहिले होते.

मॅडम सगळ्यांना खोव्याची जलेबी वाटायला गेल्या. तेवढ्यात सरांनी मॅडमच्या कॉम्प्युटरमधली, त्यांचं नाव-पासवर्ड असलेली वायफायची फाईल पेनड्राइव्हवर घेतली अन् एक अक्षरही न बदलता आपल्या कॉम्प्युटरमध्ये टाकली. पाचला पाच कमी असताना वायफाय जोडलं गेलं. सरांनी जलेबीही मागून खाल्ली.



पाच वाजता लिस्ट निघाली: दोन कॉम्प्युटर चालू, दोन्ही विनता मॅडमच्या नावावर.