आहे, आहे, नाही

"आई, तुम्हाला वाचता येईल अशीच लिहिलीय," सून म्हणाली आणि संगणक तिने अक्कांच्या पुढ्यात सरकवला.

काळ्या पडद्यावर पांढरे शब्द खालून वर चढत होते. आहे. आहे. आहे.

"काय आहे?"

"वायफाय. लहानशी स्क्रिप्ट आहे. घटकेघटकेला पलीकडे विचारते, आहेस का? उत्तर आलं तर 'आहे' लिहिते, नाही आलं तर 'नाही'. मावशींचा वायफायवरून येणारा फोन नेमका कधी तुटतो ते कळलं, की का तुटतो तेही शोधता येईल."

अक्कांनी चष्मा नाकावर नीट बसवला. लहानपणी दिवे गेले की धाकटी बहीण अंथरुणातून असंच विचारायची. अक्का, आहेस का? 'आहे' म्हटलं की जरा वेळाने पुन्हा. डोळा लागेपर्यंत तेच. किती वैताग यायचा तेव्हा.

तीच धाकटी परवा फोनवर बिथरली होती. "मी डॉक्टरांचा विषय काढला की तू फोन ठेवतेस. आता ठेवलास ना, तर मी तुला काही सांगायचीच नाही. ऑपरेशन गुपचूप करून घेईन." अक्कांनी परोपरीने सांगितलं, अगं, मी ठेवत नाही, तो तुटतो. पण तिला ते काही पटेना.

मोबाइल वाजला. सून पडद्याला डोळे लावून बसली. बहिणी गुडघ्यांवर बोलल्या, नातवंडांवर बोलल्या, कुणाच्या तरी नव्या कवळीवर मनसोक्त हसल्या. आहे, आहे, आहे. मग धाकटी म्हणाली, "बरं, ऐक. काल रिपोर्ट आला."

"थांब हं, चहा गार झालाय माझा."

अक्का कानाला फोन तसाच धरून स्वयंपाकघरात गेल्या. कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. बटण दाबलं.

नाही. नाही. नाही.

सून धावत आत आली. वायफायची डबी मायक्रोवेव्हच्या डोक्यावरच्या फळीवर होती. तिने एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं.

"आई, तो बंद करून पुन्हा लावा बरं. मी बाहेरून बघते."

अक्कांनी बंद केला. "आहे," बाहेरून आवाज आला. लावला. "नाही." अक्कांनाही गंमत वाटू लागली, त्यांनी आपणहून आणखी एकदा करून पाहिलं.

"सापडला चोर," सून हसत आत आली. "याच्या आणि वायफायच्या लहरी एकाच जातीच्या. म्हातारं यंत्र आहे, दाराच्या फटीतून गळतं. हे घुमायला लागलं की त्या डबीला दुसरं काही ऐकूच येत नाही."

"म्हणजे मी ठेवत नव्हते."

"छे, तुम्ही कुठे ठेवताय?" सून म्हणाली. कप बाहेर काढता काढता ती जराशी थांबली. "पण आई, चहा दर वेळी तेव्हाच कसा गार होतो?"

अक्का कप घेऊन बाहेर आल्या, संगणकासमोर बसल्या. धाकटीचा फोन येईना. शेवटी त्यांनीच लावला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली.

"तुटला असेल," धाकटी फोन उचलत रुक्षपणे म्हणाली.

"नाही. मीच तोडला. आता सांग, काय म्हणाले डॉक्टर?"

धाकटीने सांगितलं. काही आडपडदा न ठेवता, सगळं. पडद्यावर शब्द चढत राहिले. कपात चहावर साय धरली. सून हळूच उठून गॅलरीत गेली.

सांगून संपलं, तरी अक्का गप्पच. पलीकडचा आवाज एकदम लहान झाला.

"अक्का, आहेस का?"

"आहे. गार चहा पितेय."