कुंडाची हद्द

सुभानने बुडून गेलेल्या पोराला खळग्यातून वर काढलं आणि नदीतल्या मधल्या खडकावर आडवं केलं. सवयीनं आधी आपला ओला टॉवेल त्याच्या तोंडावर टाकला. मग तो अलीकडच्या काठाकडे वळला, एवढ्यात सरपंच बबनराव वरून ओरडले, “सुभानभाई, हिकडं नगं! पलीकडं काढा!”

नदीच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दुसरा जिल्हा, आणि कुंड नेमकं मधोमध. पाण्यानं खडकात कोरलेले ते रांजणाएवढे खळगे बघायला पुण्याहून गाड्या येऊ लागल्या, तेव्हापासून दोन्ही गावं कुंड आपलंच म्हणत होती. दोन्ही काठांना पाट्या होत्या : ‘आमच्या गावचे पर्यटनस्थळ’. पाटीवरून एकदा डोकीही फुटली होती. आज मात्र दोघांनाही एकदम उदारपणा सुचला होता.

“पलीकडं कशाला? त्याची आई हिकडं बसलीय,” सुभान म्हणाला.

आई म्हणजे भांडगावची रंभाबाई. पायऱ्यांवर बसून ऊर बडवत होती. मुलगा रांजणगावला कंपनीत लागलेला. रविवारची सुट्टी म्हणून आईला कुंड दाखवायला घेऊन आला, फोटोसाठी कडेला उभा राहिला आणि शेवाळावरून घसरला.

बुडालेल्याला, ज्या काठावर त्याचं माणूस रडतंय त्याच काठाला काढायचं, ही सुभानच्या घरची रीत. त्याचे वडीलही तेच करत. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं.

“बराबर हाय तुमचं,” बबनराव म्हणाले. “मग तिलाच पलीकडं न्या रं! सरकारच्या पर्यटन यादीत नाव लागायचंय औंदा आपलं. साहेब बघायला यायचेत, आन् पंचनामा आपल्या काठाचा?”

त्यांच्या दोघा माणसांनी रंभाबाईला दंडाला धरून उठवलं आणि कुंडावरच्या झुलत्या पुलावर घातलं. त्या बिचारीला वाटलं, पोराकडेच नेतात. ती भराभरा चालू लागली. पण पलीकडच्या टोकाला तिथली माणसं आडवी उभी राहिली.

“बाईला हिकडं आणायचं न्हाई! तुमचं तुमच्याकडंच ठेवा!”

सुभानच्या अंगाची लाही झाली. आजवर कितीतरी प्रेतं काढली, पण अशी लाज कधी वाटली नव्हती. “आरं, माणसं हायसा का कोण?” तो ओरडला. पोराला एकट्यानं कड्यावर चढवणं शक्य नव्हतं. वरून दोर ओढायला चार हात लागतात, आणि दोर धरून उभे होते ते बबनरावांचेच लोक. ते सरपंचांच्या तोंडाकडे बघत होते.

रंभाबाई पुलाच्या मध्यावर थांबली. तिनं या टोकाकडे पाहिलं, त्या टोकाकडे पाहिलं, आणि सगळं तिच्या ध्यानात आलं. तिचं रडणं थांबलं. पदरानं तोंड पुसून तिनं बबनरावांना हात जोडले.

“आण्णा, माझं पोरगं हितं आलंच न्हाई. घरच्या हौदात पडलं म्हणून सांगते मी. म्हणाल तिथं अंगठा देते. आता तरी द्या मला.”

बबनरावांनी क्षणभर विचार केला.

“मग काय हरकत न्हाई,” ते दोरवाल्यांना म्हणाले. “घ्या वर.”