फळ्याला कुंकू

शाळेतल्या नव्या डिजिटल फळ्याच्या पूजेचा मान प्रयागबाईंचा होता. अनसिंगच्या बाजारातून खास आणलेलं कुंकू त्यांनी ठसक्यात फळ्याला टेकवलं. फळ्यावर पोरांचं गणित आणि खालची चार उत्तरं तशीच उघडी राहिली होती. बोट लागताच फळा अख्ख्या गावासमोर बोलला, "उत्तर चूक. पुन्हा प्रयत्न करा."

मागून त्यांचे मालक नानाजी खो-खो हसले. "अवं, दुसरी नापास ते दुसरी नापासच."

प्रयागबाईंनी राहिलेल्या उत्तरांनाही एकेक बोट कुंकू लावलं. अगदी शेवटच्याला फळा म्हणाला, "शाब्बास. उत्तर बरोबर."

त्यांनी कुंकवाचा करंडा नानाजींच्या हातात ठेवला आणि शाळेच्या गुरुजींकडे वळल्या. "गुरुजी, माही दुसरी तर झाली पास. आता ह्यायच्या राहिलेल्या पहिलीचं गणित लावा."