बाजाराचं छप्पर

"आणि या फोटोत तू कुठायस?" आईने सिंगापूरहून विचारलं.

वेइरेनने पेपर पुन्हा डोळ्यांजवळ धरला. व्हिएतनाममधल्या कान थो शहराच्या रविवारच्या पेपरात नदीकाठच्या नव्या भाजीबाजाराचं उद्घाटन झळकलं होतं. फीत, फुलं, पुढारी, आणि मधोमध पांढऱ्या शर्टात हसणारा त्याचा ऑफिसातला वरिष्ठ, तोआन. खाली एकच ओळ होती. छपराची रचना : इंजिनीअर तोआन.

"खालच्या मजल्यावरच्या व्हिएतनामी बाईला फोनवर तो पेपर उघडून दिला मी," आई म्हणाली. "बिचारीने दोनदा वाचला. म्हणाली, तुमच्या मुलाचं नाव नाही यात."

"चुकून राहिलं असेल," म्हणत त्याने फोन ठेवला आणि पेपरचा चोळामोळा केला.

चुकून कसलं! कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला सहा महिने परदेशात काम करायचं म्हणून तो या छोट्याशा कंपनीत आला होता. तांदळाच्या दुकानावरच्या खोलीत राहायचं, सकाळी कोपऱ्यावर वाडगाभर नूडल्स खायचे आणि तोआनच्या स्कूटरवर मागे बसून साइट गाठायची. दुसऱ्याच महिन्यात तोआनने बाजाराचं काम त्याच्यापुढे सरकवलं होतं. "घे. बघू सिंगापूरचं डोकं काय करतं ते."

वेइरेनने जीव ओतला. भर उन्हात आवाराची मापं घेतली. भाजीवाल्या बायकांच्या हातगाड्या ज्यांना अडतील ते मधले दोन खांब त्याने नकाशातून काढूनच टाकले. तोआनने नकाशा पाहून शीळ घातली होती.

"बायका आता तुला जावई करून घेतात बघ! वजनाचा हिशोब नीट तपासलास ना?"

"तीनदा तपासला, दादा."

तोआनने खाली सही ठोकली होती. त्याची सही, त्याचं नाव. आणि आता फोटोही त्याचाच.

शनिवारी समारंभातच वेइरेनने त्याला गाठलं होतं. "दादा, फलकावर माझं नाव नाही."

"शिकाऊ पोराचं नाव नकाशावर नसतं, धाकट्या. नसावंच."

"पण काम माझं आहे!"

"मग? छप्पर कुठे पळून चाललंय का? चल, कोळंबी संपायच्या आत ये." तोआनने हसत त्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप वेइरेनला दोन दिवस झोंबत राहिली.

रविवारी दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर तोआनच्या अभिनंदनाचा पाऊस सुरू झाला. अंगठे, फुलं, टाळ्या. वेइरेनने ग्रुप बंद करून टाकला. संध्याकाळपासून वारा सुटला, खाली दुकानाचे पत्रे धडधडत राहिले. त्याचं लक्ष नव्हतं. तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. मी लहान आहे म्हणून गप्प बसेन असं वाटलं काय यांना? परका आहे म्हणून?

सोमवारी रस्त्यात गुडघाभर पाणी होतं. पँट वर दुमडून, लॅपटॉप डोक्यावर धरून तो ऑफिसला पोचला. तोआनची खुर्ची रिकामी होती. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. लाज वाटतेय, वेइरेनला वाटलं. वाटलीच पाहिजे. सगळ्यांना माहीत होतं, एकानेही तोंड उघडलं नाही.

तो थेट दिएप मॅडमच्या खोलीत शिरला. कंपनी त्यांची. कोपऱ्यात ओला रेनकोट अंगावर तसाच ठेवून एक मध्यमवयीन माणूस बसला होता. असेल कोणी गिऱ्हाईक. ऐकू दे त्यालाही.

"मॅडम, बाजाराचं छप्पर तोआनदादांनी केलेलं नाही. मी केलंय."

दिएप मॅडमनी समोरची खुर्ची दाखवली. "बस. नीट सांग."

त्याने लॅपटॉप उघडला. तारखा दाखवल्या, मोजमापं दाखवली, एकेक नकाशा दाखवला. "पाच महिने मी राबलो. माझी आई पेपरात माझं नाव शोधत बसली होती. ही चोरी आहे, मॅडम. आमच्याकडे असं कोणी केलं तर त्याला कामावरून काढतात."

"खांबांची जागा कोणी ठरवली?"

"मी."

"मधले दोन काढायचं?"

"तेसुद्धा मीच. डोकं माझंच चाललं."

"तोआनने नंतर काही बदललं?"

"काहीच नाही. नुसती सही केली."

दिएप मॅडमनी कोपऱ्यातल्या माणसाकडे एक नजर टाकली. मग कोरा कागद आणि पेन पुढे केलं. "हे सगळं लिहून देशील?"

इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने पानभर लिहिलं. एकही गोष्ट सोडली नाही. खाली पूर्ण नाव लिहिलं, कॉलेजचं नाव लिहिलं आणि ठसठशीत सही केली. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घेता आला.

"आता तोआनदादांना बोलवा," तो म्हणाला. "माझ्यासमोर विचारा त्यांना."

कोपऱ्यातला माणूस उठला. त्याने कागद उचलून सावकाश वाचला, दोन घड्या घातल्या आणि रेनकोट उघडून आतल्या शर्टाच्या खिशात ठेवला. रेनकोटाखालचा त्याचा पोलिसी गणवेश वेइरेनला आत्ता दिसला.

"छप्पर पहाटे पाच वाजता पडलं," तो म्हणाला. "माल लावायला आलेल्या सात बायका इस्पितळात आहेत."

वेइरेनने दिएप मॅडमकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"तोआन सहा वाजल्यापासून चौकीवर बसलाय," त्या म्हणाल्या. "आणि एकच सांगतोय, सगळं काम माझं आहे, तो सिंगापूरचा पोरगा नुसता चहा आणून द्यायचा."