आडवी बाटली

"आत्याबाई, आडव्या बाटलीवरच शिक्का मारा बरं," शाळेच्या दारात वनिताने सासूला पुन्हा बजावलं. उभी बाटली म्हणजे दारूचं दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. गावातल्या निम्म्याहून जास्त बायका आडवीकडे हव्या होत्या. वनिताच्या सुजलेल्या ओठांतून शब्द नीट फुटत नव्हते.

पडद्यामागे सोजरबाईंच्या हातातला शिक्का थबकला. मागच्या चैत्रात लेकाने महिनाभर दारू सोडली होती. तेव्हा तो बायकोच्या शब्दाबाहेर नव्हता. "आपण दोघं पुण्याला जाऊ, आई राहील इथंच," असं तो वनिताला म्हणाला होता. ते सोजरबाईंनी दाराआडून ऐकलं होतं. पिऊन आला की मात्र तो बायकोला बडवायचा आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचा.

त्यांनी उभ्या बाटलीवर शिक्का मारला.

संध्याकाळी निकाल लागला. दुकान बंद व्हायला तीन मतं कमी पडली. वनिता सासूच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. "कोण असतील हो त्या बायका?"

"किडे पडतील मेल्यांना," सोजरबाई म्हणाल्या आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.